उचलू नका, उतार करा!



या सदरात आपण एरवी मुलांचे शिक्षण, घरखर्च, लग्नातली उधळपट्टी, आजारपण अशा घरातल्या गोष्टी बोलतो. आज मात्र मी अमेरिकेतल्या एका करमणुकीच्या बागेची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, जिथे आत पाऊल टाकायलाच माणशी शंभर डॉलरच्या वर तिकीट पडते, तिथली गोष्ट आमच्या चाळीत कशाला? जरा धीर धरा. गोष्ट खरे तर बागेची नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्यांची आहे. आणि तसले गुडघे आपल्या घरोघरी आहेत.

आमची आक्का महानगरपालिकेत झाडूखात्यात होती. तेहतीस वर्षे पहाटे हजेरी लावली, रस्ते झाडले, कचऱ्याची ढकलगाडी ढकलली. निवृत्त झाली तेव्हा हातात फंड आला आणि गुडघे गेले. घरात ती चालते. मोरीपर्यंत जाते, ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापते, खालच्या वाण्यापर्यंतही जाऊन येते. पण सलग दहा मिनिटे चालायचे म्हटले की भिंत धरून थांबते. त्यामुळे गेल्या पाच-सहा वर्षांत तिच्या तोंडी एकच वाक्य बसले होते, "तुम्ही जा, मी बसते."

नातलगाच्या लग्नाची वरात निघाली, "तुम्ही जा, मी बसते." ६ डिसेंबरला चैत्यभूमीची रांग लागली, "तुम्ही जा, मी शिवाजी पार्कात बसते." आमच्या वस्तीतल्या विहाराला तीन पायऱ्या आहेत, त्याही बिनकठड्याच्या. पौर्णिमेच्या वंदनेला आक्का बाहेरच्या कट्ट्यावर बसून हात जोडायची. आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, 'तिला तिथेच बरे वाटते' असे समजून चाललो होतो. माणूस एक वाक्य रोज बोलू लागले की घरच्यांना ते खरे वाटू लागते.

ससा आणि कासव

आक्काचा मुलगा शिकला, इंजिनिअर झाला, अमेरिकेत नोकरीला लागला. गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत त्याने आईला बोलावले आणि तिला भाषेची अडचण नको म्हणून मलाही बोलावले. मुलांना फ्लोरिडा राज्यातल्या ऑर्लँडो शहराजवळच्या डिस्नेच्या बागा पाहायच्या होत्या. या बागांपैकी पहिली १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडली. आज तिथे चार मोठ्या बागा आहेत आणि सगळा परिसर सुमारे चाळीस चौरस मैलांचा आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे जुने मुंबई शहर त्यात मावून वर जागा उरेल. एका दिवसात दहा-बारा किलोमीटर पायपीट सहज होते. हे ऐकल्यावर आक्का काय म्हणाली असेल, ते तुम्ही ओळखलेच असेल.

भाच्याने तिच्यासाठी बॅटरीवर चालणारी, बसून चालवायची स्कूटर भाड्याने घेतली होती. आपल्याकडच्या पेट्रोलच्या स्कूटरशी तिचा काही संबंध नाही. तीन किंवा चार छोटी चाके, वर हात टेकायची खुर्ची, पुढे हँडल आणि टोपली. बागेच्या दारातही अशी स्कूटर भाड्याने मिळते, पण ती बागेबाहेर नेता येत नाही. मग बसथांब्यापासून दारापर्यंतचे चालणे चुकत नाही. म्हणून भाच्याने बाहेरच्या दुकानातून घेतली. ती हॉटेलवर आणून देतात, रात्री खोलीत चार्ज करता येते आणि बसमधूनही नेता येते.

आक्का मात्र स्कूटरकडे पाहून मागे सरली. "ही लुळ्या-पांगळ्याची गाडी. मी काय लुळी आहे का? चालता येतं मला." यात तिचे काय चुकले? आपल्या मनात एक पक्के बसले आहे, की माणूस एक तर धडधाकट असतो, नाही तर पांगळा. पण जगातल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे जगणे या दोहोंच्या मध्ये असते. दहा पावले चालता येतात, हजार येत नाहीत. ही स्कूटर मुख्यतः अशाच माणसांसाठी आहे. ज्याला उठता येते, बसता येते, हँडल धरता येते, पण अंतर कापता येत नाही, त्याच्यासाठी.

शेवटी तिला तयार केले ते बारा वर्षांच्या नातीने. हँडलजवळ वेग कमी-जास्त करायचे एक गोल बटण असते. त्याच्या एका टोकाला कासवाचे चित्र आणि दुसऱ्या टोकाला सशाचे. "आजी, तुझीच गोष्ट आहे बघ. तू कासवावर ठेव आणि चल." अंगठ्याखालची पट्टी दाबली की गाडी पुढे जाते, सोडली की आपोआप ब्रेक लागून जागच्या जागी थांबते. मागे घेताना पीं-पीं वाजते. हॉटेलच्या मोकळ्या आवारात आक्काने अर्धा तास सराव केला. तेहतीस वर्षे ढकलगाडी वळवलेली बाई ती, कुठल्या कोपऱ्यावर किती वळायचे हे तिला शिकवावे लागले नाही.

बसचा दरवाजा

पहिल्या सकाळी हॉटेलची बस आली. दारात तीन उंच पायऱ्या. उताराची फळी नाही, वर उचलणारी लिफ्टही नाही. चालक नम्रपणे म्हणाला, "स्कूटर सुटी करून मागे ठेवू. आजींना पायऱ्या चढता येतील का?" चढता आले नसते. बसमधले लोक घड्याळे पाहू लागले. आक्का लगेच म्हणाली, "जाऊ दे रे, तुम्ही जा, मी बसते."

भाच्याने बस जाऊ दिली आणि आम्ही सगळेच थांबलो. तो काउंटरवर गेला. आवाज न चढवता त्याने एवढेच विचारले, की तुमची बस इतर पाहुण्यांना नेते, तर माझ्या आईला न्यायची तुमची काय सोय आहे? तिथल्या कायद्याप्रमाणे हॉटेलची गाडी फुकट असली तरी ही सोय करावीच लागते. इतरांना जेवढ्या वेळात आणि ज्या भाड्यात गाडी मिळते, तेवढ्याच वेळात आणि त्याच भाड्यात चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही मिळाली पाहिजे. तासाभराने लिफ्ट असलेली गाडी आली. पुढचे दिवस आम्ही आदल्या रात्रीच सांगून ठेवू लागलो. हक्क कागदावर असतो, पण रोज सकाळी तो काउंटरवर जाऊन मागावा लागतो, हे अमेरिकेतही खरेच आहे.

आता बसमध्ये चढण्याची रीत सांगते, कारण आक्काला सगळ्यांत जास्त भीती याचीच होती. चालक आधी फळी खाली टाकतो. टोपलीतल्या पिशव्या दुसऱ्याच्या हाती द्यायच्या. बटण पूर्ण कासवावर आणायचे. फळीसमोर गाडी सरळ उभी करूनच वर घ्यायची, फळीवर वळायचे नाही. आत गेल्यावर चालक जागा दाखवतो. तिथे लावून किल्ली बंद करायची, मग तो पट्ट्यांनी आणि आकड्यांनी गाडी जखडतो. पट्टे लागेपर्यंत घाई करायची नाही. स्कूटर उंच आणि हलती असते, म्हणून तिच्यावरून उठून बसच्या आसनावर बसा असे चालक सुचवू शकतो. ते बहुधा शहाणपणाचेही असते, पण तो सक्ती करू शकत नाही. उतरताना बऱ्याचदा गाडी मागे घेतच यावे लागते. तेव्हा घरच्या एकाने मागे उभे राहून वाट मोकळी ठेवावी.

स्कूटर भाड्याने घेताना तिचे माप विचारून घ्यावे. त्या देशाने १९९१ मध्ये बससाठी जे नियम केले, त्यांत खुर्चीचे माप ३० इंच रुंद, ४८ इंच लांब आणि माणसासकट वजन ६०० पौंड, म्हणजे सुमारे २७२ किलो, असे धरले होते. २०११ मध्ये नियम बदलले आणि बसची ताकद व जागा असेल तर याहून मोठी गाडीही घ्यावी असे ठरले. तरीही लहान स्कूटर घेतलेली बरी. ती कुठेही वळते आणि सुटी करून मोटारीच्या डिकीतही जाते.

रांगेत सगळे सारखे

आत गेल्यावर आक्काचा चेहराच बदलला. वाटा सपाट, फुटपाथला जिथे-तिथे उतार, संडासात खुर्ची वळेल एवढी जागा. काही पाळण्यांच्या आणि होड्यांच्या रांगा इतक्या रुंद, की स्कूटर थेट आतपर्यंत जाते. काही ठिकाणी रांग अरुंद असते. तिथे स्कूटर बाहेर ठेवून साध्या चाकाच्या खुर्चीत बसावे लागते, ती खुर्ची तेच देतात. पुष्कळांचा समज असतो, की स्कूटरवर बसले म्हणजे रांग तोडून पुढे जाता येते. तसे नाही. बहुतेक ठिकाणी आक्का सगळ्यांबरोबर तेवढाच वेळ रांगेत राहिली. मला ते आवडले. तिला इतरांच्या पुढे काढले नाही आणि मागेही टाकले नाही.

बाहेर लहान मुलांच्या बाबागाड्या आणि स्कूटरी ओळीने लावलेल्या असतात, आणि सगळ्या दिसायला सारख्या. आक्काने तिच्या हँडलला निळा रुमाल बांधला. दोनशे गाड्यांत आमची गाडी लांबून ओळखू यायची. गर्दीत चालवताना एक पथ्य पाळावे. पुढच्या माणसाच्या टाचेपासून हातभर लांब राहावे, कारण माणसे मध्येच थबकतात. लहान मुलाला मांडीवर घेऊन चालवू नये. किल्ली काढून जवळ ठेवावी. उन्हाळ्यात तिथे दुपारी हमखास पावसाच्या सरी येतात, तेव्हा हँडलवर घालायला प्लास्टिकची पिशवी ठेवावी.

आणि बॅटरी रात्री पूर्ण भरावी. तिसऱ्या दिवशी आमची स्कूटर दुपारीच बंद पडली, कारण दुकानदाराने दिलेली बॅटरी जुनी होती. मागच्या बाजूला एक दांडी असते. ती फिरवली की चाके मोकळी होतात आणि गाडी ढकलता येते. पण मग ब्रेकही राहत नाही, म्हणून उतारावर असताना त्या दांडीला हात लावू नये. भाच्याने फोन केला, दुकानाने संध्याकाळी दुसरी बॅटरी आणून दिली.

एका माणसाचे बोलणे

खरी गोष्ट घडली ती दुसऱ्या रात्री. आतषबाजी संपली आणि बसला मोठी रांग लागली. मुले पेंगत होती, माणसे दमली होती. बस आली तेव्हा चालकाने आक्काला आधी बोलावले. स्कूटर आधी आत घेऊन जखडली, की मग बाकीच्यांना चढता येते, म्हणून तसे करतात. या सगळ्याला पाच-सात मिनिटे गेली. आक्का स्कूटरवरून उठली, दोन पावले चालून आसनावर बसली. तेवढ्यात मागून एक माणूस त्याच्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चालता येतं की हिला! उद्या आपणही एक भाड्याने घेऊ, म्हणजे आधी चढायला मिळेल." दोघे-तिघे हसले.

आक्काला इंग्रजी येत नाही. पण असले बोलणे समजायला भाषा लागत नाही. तिने ते उभ्या आयुष्यात फार वेळा ऐकले आहे. सवलत, जागा, स्कॉलरशिप, नोकरी या शब्दांच्या मागे आपल्यालाही हेच ऐकू आलेले आहे: 'ह्यांना आधी कशाला?' खोलीवर आल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्यापासून नको. तुम्ही जा, मी बसते."

मला काही सुचेना. तेव्हा नात तिच्या पलंगावर येऊन बसली. म्हणाली, "आजी, ही बसची फळी कुणी दिली माहीत आहे तुला? आम्हाला शाळेत शिकवलंय."

आणि त्या पोरीने जे सांगितले, ते मीही तोवर नीट ऐकले नव्हते. माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठली नाही आणि काळ्या माणसांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. पण त्यानंतरही चाकाच्या खुर्चीवरची माणसे, काळी असोत की गोरी, बसमध्ये चढूच शकत नव्हती. १९७७ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात शंभरावर अपंग माणसांनी सरकारी कचेरीत ठिय्या मारला. जवळजवळ चार आठवडे ती तिथेच राहिली, कचेरीच्या फरशीवर झोपली. त्यांना रोज गरम जेवण आणून दिले ते काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेने. हो, तेच पँथर, ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली. त्या ठिय्याच्या पुढारी होत्या ज्युडिथ ह्यूमन. लहानपणीच्या पोलिओमुळे त्या चाकाच्या खुर्चीवर होत्या आणि १९७० साली न्यूयॉर्कमध्ये त्यांना शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला होता. त्या कोर्टात गेल्या आणि त्यांनी तो मिळवला. मी स्वतः म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवलेली बाई. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्या वर्षी, ५ जुलै १९७८ रोजी, डेन्व्हर शहरात एकोणीस अपंग माणसांनी भर चौकात दोन बस अडवल्या आणि रात्रभर हलली नाहीत. म्हणणे एवढेच, की आम्हीही बसने जाणार. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीसमोर कितीतरी जणांनी आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली टाकल्या आणि सत्तरहून जास्त पायऱ्या हातांवर, कोपरांवर, रांगत चढून दाखवल्या. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्याच वर्षी २६ जुलैला कायदा झाला. बसला फळी लागली ती त्या कायद्याने.

आक्का बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हा उतार कुणी दया म्हणून नाही केला. कुणीतरी रांगत चढलंय, म्हणून झालाय." आणि थोड्या वेळाने, "हे तर आपलं महाडच झालं की गं."

खरेच आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ते काय नुसती तहान भागवायला? जे पाणी सगळ्यांसाठी आहे, ते आमच्यासाठीही आहे, हे सिद्ध करायला गेले. बसचेही तसेच आहे आणि बागेचेही. चालता येते का, किती येते, हा हिशेब दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला द्यायचा नसतो.

मी तिला आणखी एक आठवण दिली. शेवटच्या काळात बाबासाहेबांचे पाय फार दुखत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते आले, तेव्हा एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर होता. त्या काठीने त्यांची उंची कमी झाली काय? आधार घेतला म्हणून माणूस लहान होत नाही. आधाराच्या लाजेने घरात बसला, तर मात्र त्याचे जग लहान होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का सगळ्यांच्या आधी तयार होऊन स्कूटरवर बसली होती. निळा रुमाल तिने पुन्हा नीट बांधला. त्या संध्याकाळी बसमध्ये एक गोरी म्हातारी काठी टेकत आत आली. आक्काने हाताने खूण करून तिला शेजारी बसवले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघींनी आपापले गुडघे दाखवले आणि हसल्या.

आपल्या दारची पायरी

इथे परत आल्यावर स्कूटरचा उपयोग नाही, हे मान्य केले पाहिजे. आपल्या गल्लीत खड्डे, उघडी गटारे, फुटपाथवर दुकाने. गाडी ठेवायला जागा नाही, आणि किंमतही परवडणारी नाही. पण घडीची चाकाची खुर्ची घेता येते. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना खुर्ची, काठी, कुबडी मिळावी म्हणून केंद्राने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना काढली. ६५ वर्षांवरच्या गरजू वृद्धांना अशा साधनांसाठी तीन हजार रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना महाराष्ट्राने २०२४ मध्ये सुरू केली. समाजकल्याण कचेरीत जाऊन चौकशी करायला लाजू नका.

कायदा आपल्याकडेही आहे. पहिला १९९५ चा, नंतरचा २०१६ चा. बस, रेल्वे, इमारती, रस्ते अपंगांना वापरता आले पाहिजेत, असे त्यात लिहिले आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले, की यासाठीचे नियम नुसते सूचनावजा ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. पण आपल्या एस. टी.चे पाहा. ७५ वर्षांवरच्या वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट प्रवास, बायांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. फार चांगले झाले. पण लाल गाडीची पहिली पायरी अजून गुडघ्याएवढी उंच. तिकीट माफ झाले आणि पायरी राहिली, तर ती म्हातारी चढणार कशी? हा प्रश्न डेपोत लेखी अर्ज करून विचारायचा आहे, आणि तो आपण विचारला पाहिजे.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या दारची पायरी पाहू. पौर्णिमेच्या आदल्या रविवारी विहार समितीची बैठक होती. आक्का काठी टेकत गेली आणि कट्ट्यावरूनच म्हणाली, "मला आत यायचं आहे." समितीतली पोरे आपलीच, प्रेमळ. सेक्रेटरी लगेच म्हणाला, "आक्का, आधी सांगायचं ना! आम्ही चौघं आहोत. खुर्चीसकट उचलून आत नेऊ."

आक्का म्हणाली, "बाळांनो, उचलू नका, उतार करा. उचलून नेलंत तर मी तुमच्या सवडीनं येईन. उतार केलात तर माझ्या मर्जीनं येईन."

कोणी काही बोलले नाही. मग हिशेब सुरू झाला. उताराचा साधा नियम असा, की एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी हवी. आमच्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे दीड फूट उंची आणि अठरा फूट उतार. समोर तेवढी जागा नव्हती, म्हणून तो बाजूच्या भिंतीला लागून काढला. मध्ये वळायला सपाट जागा ठेवली. रुंदी चार फूट, कडेला धरायला नळी. वर गुळगुळीत लादी न घालता खरखरीत सिमेंट ठेवले, म्हणजे पावसात पाय घसरणार नाही. सिमेंट-वाळूचे पैसे महिला मंडळाने घरोघरी फिरून धम्मदान म्हणून जमवले. वस्तीतल्याच गवंड्याने दोन रविवार मजुरी न घेता काम केले.

वैशाख पौर्णिमेला उतार खुला झाला. आक्का पहिली चढली, सावकाश, नळी धरून, स्वतःच्या पायांनी. खुर्ची लागलीच नाही. तिच्या मागून वस्तीतली आठवा महिना लागलेली एक सून चढली. मग कामावर पाय मोडलेला एक हमाल कुबड्यांवर आला. नंतर पोरे धावत वर-खाली करू लागली. पायऱ्यांपाशी त्या दिवशी कोणी दिसलेच नाही.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर एक गोष्ट करा. तुमच्या घरात 'तुम्ही जा, मी बसते' असे कोण म्हणते, ते पाहा. त्यांचे म्हणणे लगेच खरे मानू नका. त्यांच्या वाटेत कुठली पायरी आहे, ते आधी शोधा आणि ती कशी काढायची ते घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, समितीने बसून ठरवा. स्कूटर मिळेल न मिळेल, पण चार पोती सिमेंट कुठल्याही वस्तीत जमते.

येत्या ६ डिसेंबरला आक्का शिवाजी पार्कात बसणार नाही. घडीची खुर्ची घेऊन आम्ही रांगेत असू. खुर्चीला निळा रुमाल बांधलेला असेल. दिसली तर जयभीम घाला.

जयभीम!